कुलपाचे उपकार

फ्रेंच राज्यक्रांती मुलांना कितपत कळली, हे पाहायला मोहिते बाईंनी प्रत्येकाकडून दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवला. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब भडकले. "असली थेरं माझ्या शाळेत नकोत!" म्हणत त्यांनी संगणकाच्या खोलीला कुलूप ठोकलं.

तरी व्हिडिओ आले. सगळे खो-खोच्या मैदानावर काढलेले.

आबासाहेब किल्ली खुळखुळवत वर्गात शिरले. त्यांनी बाईंना दरडावून विचारलं,

"या पोरांना काय कळलीय क्रांती?"

नववीतली शर्वाणी उठली. "आबासाहेब, तिथं राजानं सभागृहाला कुलूप लावलं, तेव्हा लोकांनी टेनिस कोर्टावर जमून शपथ घेतली. मैदान आमच्याकडे होतंच. राजा कुठून आणायचा, एवढीच पंचाईत होती. ती तुम्ही सोडवलीत."

किल्ली खुळखुळायची थांबली. आबासाहेबांनी ती गुपचूप बाईंच्या टेबलावर ठेवली.