येते म्हणणारी नदी

एक होती नदी. तिच्या काठाला एक गाव. कुठलं ते विचारू नका. हुंकार तेवढा द्या, म्हणजे जागे आहात हे कळेल.

गावात म्हाळू नावाडी राहायचा. त्याची बायको पारू. एक होडी, एक शेळी. एवढाच संसार.

एकदा काय झालं, श्रावणात नदी गावात आली. पाटलाच्या ओट्याला लागली. बायकांनी तिला माहेरवाशीण मानलं. खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली. मग नदी निघाली. निघताना म्हणाली, "येते."

म्हाळूचा जन्म पाण्यावर गेलेला. त्याला तिची बोली कळायची, बरं का. तो पाटलाकडे गेला.

"पाटील, नदी येते म्हणाली. घरं माळावर न्या."

पाटील हसला. "अरे येड्या, निघताना जाते म्हणतं का कुणी? माझी आत्यासुद्धा येते म्हणून गेली. बारा वर्षं झाली, फिरकली का?"

सगळे हसले. म्हाळूही मग गप्प बसला. तिथंच चुकलं.

दुसऱ्यांदा नदी आली ती ओटा चढून घरात शिरली. माणसं पळाली. पारू म्हणाली, "शेळी सोडून येते."

शेळी आली. पारू आली नाही.

पाणी उतरलं. नदी म्हणाली, "येते."

मग म्हाळूनं गाव सोडलं. होडी ओढत माळावर नेली. दगडांवर उपडी घातली आणि तिच्याखाली राहू लागला. एकटाच. शेळीशी बोलायचा. शेळी किती बोलणार?

खालून गुराखी ओरडायचे, "म्हाळूदादा, ढगांना पलीकडं सोडतोस काय?"

एक दिवस तो नदीवर गेला. म्हणाला, "बाई, कधी येणार ते तरी सांग."

नदी म्हणाली, "मी सांगून येत नाही. पण माझ्यापुढं तिघं येतात. आधी तांबडं पाणी. मग घाटातली हिरवी पानं. मग मी गप्प होते. मी गप्प झाले की थांबू नकोस."

"आणि पारू?"

नदी नुसती खळखळत राहिली.

मग म्हाळू कामाला लागला. निवडुंग तोडून माळाला पायऱ्या खोदल्या. म्हाताऱ्यांनाही चढता येतील अशा. मग गवताचं लांबलचक छप्पर घातलं. मग जमिनीत पेव खणलं, आणि त्यात भरायला दारोदार ओंजळभर दाणे मागितले. तीन वर्षं लागली. हात लावायला कुणी आलं नाही. येसाबाई म्हातारी तेवढी दोन ओंजळी घालायची. म्हणायची, "एक तुझ्या पोटाला, एक तुझ्या वेडाला."

मग तिसरी वेळ आली. भर दुपार. गावात कडक ऊन. पाऊस वर घाटात पडत होता, इथं थेंब नाही. म्हाळूनं पाहिलं, पाणी तांबडं झालं. मग सागाची हिरवी पानं वाहत आली. मग नदी गप्प झाली.

म्हाळू धावत सुटला. पूर आला म्हटलं असतं, तर त्या उन्हात कुणी ऐकलं असतं? तो ओरडला, "बायांनो, माहेरवाशीण आली! यंदा ओटी माळावर घेणार आहे. चला लवकर!"

माहेरवाशीण रिकामी कशी पाठवायची? बायका उठल्या. एका हातात ओटी, कडेवर पोर. गंमत बघायला पुरुष मागोमाग. येसाबाईला म्हाळूनं पाठीवर घेतलं. पाटील तेवढा हलेना.

"भरल्या ताटावरून मी उठणार नाही."

म्हाळूच्या पाठीवरून येसाबाई म्हणाली, "अहो पाटील, तुमची आत्या आली असेल! बघायला तरी चला."

सगळे खदाखदा हसले. पाटील चिडला आणि तिला उत्तर द्यायला ताट घेऊनच निघाला.

त्याचा पाय माळावर पडला आणि खाली गाव दिसेनासं झालं. पाणी एकेक पायरी चढलं. वरून तिसऱ्या पायरीवर थांबलं. बायकांनी तिथं ओटी भरली.

मग पाटील म्हणाला, "म्हाळू, ओटीचं तू खोटं सांगितलंस."

"कुठं? आलीच की ती."

तीन दिवस सगळं गाव त्या छपराखाली राहिलं. पेवातले दाणे खाल्ले. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. नदी म्हणाली, "येते."

या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. सगळे म्हणाले, "ये बाई. आम्ही वर आहोत."

मग गाव माळावर वसलं. खाली नुसती शेतं. दर श्रावणात बायका तिसऱ्या पायरीवर ओटी भरतात. सगळे सुखानं राहिले. म्हाळूच्या दारात गावची पोरं खेळू लागली.

तोही राहिला. पण दिवस मावळायला लागला, की सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसायचा. नदी येते म्हणाली, ती आली. पारूही येते म्हणाली होती.

बास. संपली गोष्ट. आता डोळे मिटा. मी गोठ्याला कडी घालून येतो.

येतो म्हटलं की येतो.