अकरा पूर्णांक चार

सकाळचे अकरा. सातपुड्याच्या पायथ्याचं कॉलेज, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा.

"टायट्रेशनमध्ये ॲसिड संपल्यावर आलेला रंग किती फिकट होता?" बागूल सरांनी विचारलं. ते निवृत्त प्राध्यापक, बाहेरचे परीक्षक म्हणून आलेले.

"फिकट गुलाबी, सर." दीपमाला पाडवी वर्गात पहिली. औषध कंपनीतली नोकरी ठरलेली, या गुणांसाठी अडलेली.

"किती फिकट?"

तिनं जर्नल पुढे केलं.

"जर्नलात तिन्ही रीडिंग दहा मिलिलिटरच. कुणी घेतली?"

"एआयनं लिहून दिली." तिची मान ताठ. "कॉलेजनंच दिलंय. आधी सगळे सीनियरचं जर्नल उतरवायचे, त्याच्या चुकांसकट. एआय चुकत नाही, सर."

"आणि तुझा हात?"

"तो... लागलाच नाही कधी."

सरांनी कपाट उघडायला लावलं. ब्युरेट, ती खुणांची काचनळी, स्वतः धुतली. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणावरची पांढरी खपली दोघांनी मिळून फोडली.

पहिल्या खेपेला फ्लास्कमधलं ॲसिड एकदम गडद गुलाबी झालं.

"होळी खेळायची नाहीये आपल्याला," सर म्हणाले. ती हसली.

"पुन्हा कर."

पुन्हा गडद.

"थेंब थेंब सोड. घाई कुणाला आहे?"

तिसऱ्या खेपेला एका थेंबानं रंग आला. आला न आला असा. तिनं फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरला आणि बघत राहिली.

"सर... एवढा फिकट?"

"एवढाच."

तिनं रीडिंग घेतलं. चेहरा उतरला.

"अकरा पूर्णांक चार. दहा यायला हवं होतं. मी नापास ना, सर?"

सरांनी बाटली तिच्याकडे फिरवली. लेबलवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

"जुन्या द्रावणाचा जोर ओसरतो, पोरी. ते जास्त लागतं. तुझ्या एआयला ही बाटली ठाऊक नाही. तुझ्या हाताला कळली."

सरांनी जर्नलातले तिन्ही दहा तिच्याच हातानं खोडून घेतले. खाली तिनं अकरा पूर्णांक चार लिहिलं. सरांनी सही केली, पूर्ण गुण दिले.

प्राचार्य दारात उभे होते. "एका मुलीला पाऊण तास, सर? आमचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो."

"किती मुलं?"

"सहा वर्षांत दोनशे अकरा."

सरांनी दीपमालाच्या डोक्यावर हात ठेवला.

"रंग पाहिलेली ही पहिली."