चौथ्या चौथऱ्यावरचा पाळणा

एका राज्यात धोंडी नावाचा राजा होता. त्याच्याआधी त्याच्या आईची, म्हणजे राणीची, तीन बाळे गेली होती. म्हणून चौथ्याचे नाव ओबडधोबड ठेवले, की मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. राज्याची रीतच तशी होती. त्यामुळे तिथे धोंडी पुष्कळ झाले. एका धोंडीने तळे बांधले, एका धोंडीबाईने वेढ्यात किल्ल्याचा दरवाजा राखला, एका धोंडी वैद्याने महामारीत गुळवेल वाटली. तिघांचे पुतळे चौकात होते.

राजाला ते खुपू लागले. मांत्रिक म्हणाला, "नाव एकट्याचे करून घ्या, महाराज." राजांना असे सल्लागार कधी कमी पडत नाहीत. मंत्र पडला, तिन्ही पुतळ्यांना राजाचा चेहरा आला, आणि घरोघरचे धोंडी विरू लागले.

गोजरा कोष्टिणीची दोन मुले गेली होती. तिसरा धोंडी धुरासारखा पातळ झाला.

"अगं, नाव बदल की! माझा धोंडी बघ, राजस झाला," शेजारीण म्हणाली.

"मरण ओळखेल गं त्याला."

अमावास्येआधी शेजारणीचा पाळणा रिकामा झाला.

तेव्हा राजाच्या मृत आईची साळुंकी गोजराच्या हातमागावर येऊन बसली. "तळ्याचे पाणी, दरवाजाचा खिळा, गुळवेलीचे पान आणून राजापुढे ठेव. राजाने ज्याचे त्याला परत दिले, तरच मंत्र तुटेल."

तळ्याने मोबदल्यात तिचे प्रतिबिंब घेतले. दरवाजाने केसांचा काळेपणा घेतला. वेलीने हसू मागितले. तेही तिने दिले.

दरबारात तिने तिन्ही वस्तू राजापुढे ठेवल्या. राजा गरजला, "ही कामे माझीच! पुतळे बघ."

"तळं खणताना हाताला घट्टे पडतात, महाराज. दाखवा."

राजाने मूठ मिटली.

साळुंकी म्हणाली, "धोंड्या, तीन रिकाम्या पाळण्यांपाशी बसलेली तुझी आई मी पाहिली आहे. तिने तुला जे पांघरूण घातले, ते तू या लेकराच्या अंगावरून ओढलेस."

गोजराच्या कडेवरच्या पोरातून राजाला पलीकडची भिंत दिसत होती. त्याने मिटलेली मूठ उघडली. मग म्हणाला, "तळे त्याचे. दरवाजा तिचा. औषध वैद्याचे."

पुतळ्यांना आपापले चेहरे आले. पोर कडेवर जड झाले.

"मग माझे काय उरले?" राजाने विचारले.

"तू जगलास," साळुंकी म्हणाली. " आईने तेवढेच मागितले होते."

गोजराचे प्रतिबिंब आणि केस परतले. हसू परतले नाही. चौकात राजाच्या पुतळ्यासाठी चौथा चौथरा बांधून तयार होता. राजाने त्यावर शेजारणीचा पाळणा ठेवला आणि त्याखाली त्या बाळाचे पहिले नाव कोरवले.