सहा ऋतूंचं पुस्तक

“एकाच पानावर किती वेळ बसायचं, ताई?”

“शेवटचं मूल त्यातून उठेपर्यंत,” अंबूताई म्हणाल्या.

सुलक्षणाने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

अंबूताई कोनशेतच्या मठातल्या वृद्ध साध्वी. मठाच्या ओसरीवर त्या चाळीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. पुस्तक एकच, पानभर चित्रांचं, दर ऋतूला एक पान. ते मुलांना कसं दाखवायचं हे शिकायला सुलक्षणा महिन्यापूर्वी आली होती. शहरात गोष्टी सांगून ढीगभर बक्षिसं मिळवलेली बाई ती. इथे नुसतं बघत बसणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

“आज मी दाखवू?”

“दाखव. पण मी मिटते तसंच मीट.”

ताईंची एक रीत होती. शेवटचं पान झालं की त्या एकेक पान मागे येत, बाहेर जो ऋतू असेल तिथे थांबत आणि मगच पुस्तक मिटत. म्हातारपणाची खोड, दुसरं काय, असं सुलक्षणा मनाशी म्हणे.

चैत्रातली दुपार होती. समोरचा आंबा कैऱ्यांनी वाकला होता, फरशी तापली होती. दहा-बारा मुलं तिच्यापुढे दाटीवाटीने बसली.

सुलक्षणा रंगात आली. कोकिळा झाली, ढगासारखी गडगडली. मुलं टाळ्या पिटत होती आणि ती तिरक्या नजरेने ताईंकडे बघत होती. शरदाच्या पानावर चार वर्षांच्या केसरने भाताच्या शेतातल्या पाखरावर बोट ठेवलं.

“ह्ये काय करतंय?”

“सांगते हं नंतर.”

पान उलटलं. मग हेमंत, मग शिशिर. एक बोडकं झाड आणि राखाडी आभाळ.

“संपलं!” सुलक्षणाने पुस्तक फटकन मिटलं.

टाळी कुणीच वाजवली नाही...

“काय रे, गप्प का? बघा बरं, बाहेर आंब्याला काय लागलंय?”

सगळ्या माना एकदम वळल्या.

“पानंच न्हाईत त्याला,” एक मुलगा म्हणाला.

दुसऱ्याचे दात वाजू लागले. तिसऱ्याने गुडघे पोटाशी घेतले. त्या तापल्या ओसरीवर त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

सुलक्षणा ताईंकडे वळली.

“ताई... हे काय होतंय?”

“उघड. मागे ये. हळू.”

तिने पानं मागे घेतली. हेमंत... शरद... वर्षा... ग्रीष्म... वसंतापर्यंत येईतो तिला घाम फुटला होता. मुलं चुळबुळली. कुणीतरी “कैऱ्या!” म्हणून ओरडलं आणि सगळी अंगणात पळाली.

केसर उठली नाही.

डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. सुलक्षणाने तिचा हात धरला. थंडगार. लाल फ्रॉकची कड भिजलेली होती आणि तिला भाताचं हिरवं पातं चिकटलं होतं.

“केसर! अगं बाळा!”

तिने खांदा हलवून पाहिला.

सुलक्षणाने भराभर शरदाचं पान काढलं. भाताच्या बांधावर, पाखराजवळ, लाल फ्रॉकमधली एक मुलगी पाठमोरी बसली होती. मघाशी त्या चित्रात कुणीच नव्हतं.

तिने चित्रावर वाकून हाक मारली. एकदा, दोनदा. मुलीने वळून पाहिलं नाही.

“माझं चुकलं, ताई,” सुलक्षणाला रडू फुटलं. बक्षिसं, टाळ्या, सगळं कुठल्या कुठे गेलं. “आता तिची आई न्यायला येईल हो... काय सांगू मी तिला?”

अंबूताई पुढे सरकल्या. त्यांनी पुस्तक मांडीवर ओढून घेतलं आणि शरदाच्या पानाच्या कडेवर अंगठा दाबून धरला. ओसरीवर ओल्या भाताचा वास आला.

“पदर खोच,” त्या म्हणाल्या. “बांध निसरडा आहे. जा, मी पान धरून बसते.”