नाही म्हणणारीची टेकडी

न्यारुंगाच्या खोऱ्यात शिरले की केळीच्या बागांच्या मागे एक बोडकी टेकडी दिसते. उंची बेताचीच, धडधाकट माणूस दमही न लागता माथ्यावर पोहोचेल अशी. माथ्यावर सपाट कातळ आहे आणि त्या कातळात शेजारीशेजारी दोन बैठका झिजलेल्या आहेत. एक चांगली खोलगट, दुसरी अगदी उथळ, पाऊस पडला की तळहाताएवढे पाणी धरणारी. त्या उथळ बैठकीत बसून पाहुणे फोटो काढतात. खोल बैठकीत मात्र, का कोण जाणे, फारसे कुणी बसत नाही.

या टेकडीवर एकट्याने चढायचे नाही, असा इथला दंडक आहे. तुम्ही एकटे आला असाल तर पायथ्याशी नाचणी पाखडणाऱ्या बायांपैकी कुणीतरी सूप खाली ठेवते आणि मुकाट्याने तुमच्याबरोबर निघते. पैसे देऊ केले तर रागावते. मग पायथ्याच्या झाडाखाली बसलेले म्हातारे एझिरा पाहुण्यांना जवळ बोलावतात आणि आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगतात. घाई असलेल्यांना ते सांगत नाहीत. ती गोष्ट अशी.

फार पूर्वी न्यारुंगाच्या राज्यात कायदा लिहून ठेवायची पद्धत नव्हती. राजा आणि त्याचे सरदार झाडाखाली बसत, बोलत, भांडत आणि सगळ्यांचे एकमत झाले की तो कायदा. एकाचेही मन नसेल तर कायदा नाही. ज्याला पटले नसेल त्याने आरडाओरडा करायचा नाही. त्याने उठायचे, टेकडी चढायची आणि कातळावर जाऊन बसायचे. तो वर आहे तोवर खालचे सगळे भिजत घोंगडे. त्याच्याशी कुणी बोलायचे नाही, त्याला भेटायला कुणी जायचे नाही. अर्ध्या वाटेवर एक मोठा धोंडा आहे, त्यावर जेवण ठेवून परत फिरायचे. वरचा माणूस आपणहून तो धोंडा ओलांडून खाली उतरला तर त्याने होकार दिला असे धरत. नाही उतरला, तर एक दिवस अख्खी सभा राजासह टेकडी चढायची आणि विचारायची, ‘तुझे काय म्हणणे आहे?’ तो जे सांगेल ते कायद्यात घालावेच लागे.

बहुतेक जण संध्याकाळपर्यंत उतरत, असे सांगतात. एक सरदार तर खालून नाचणीच्या दारूचा वास आला म्हणून उतरला होता म्हणे, आणि त्याच्या वंशजांना अजून त्यावरून चिडवतात.

मग गोरे आले. आधी त्यांचे पाद्री आले, मग शिपाई, मग निशाण. शेवटी एक कमिशनर साहेब आला. त्याने न्यारुंगासाठी नवी राज्यघटना आणली होती, साहेबाच्या भाषेत लिहिलेली. दुभाषा ती वाचत गेला तसतशी सभेची तोंडे उतरत गेली. राजा राजाच राहील, पण साहेबाची मर्जी असेतोवर. सरदार साहेब नेमील. नदीपलीकडची कुरणे सरकारची. ज्या बाजूला हात जास्त, ती बाजू खरी. आणि राजाच्या बहिणीला यापुढे सभेत जागा नाही.

हे शेवटचे कलम ऐकताना सगळ्यांनी केबिरुंगीकडे बघायचे टाळले. न्यारुंगात राजाची थोरली बहीण राजाच्या उजव्या हाताला बसत असे. तिने लग्न करायचे नाही, राज्य हाच तिचा संसार, अशी रीत. राजा कटुरामू तिच्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता. केबिरुंगीने त्याला पाठीला बांधून वाढवले, चालायला शिकवले आणि राज्याभिषेकाच्या दिवशी त्याच्या नाकातला शेंबूडही पुसला होता, असे एझिरा हमखास सांगतात. पाहुणे हसले की त्यांना बरे वाटते.

साहेबाचे शिपाई केळीच्या बागेत तंबू ठोकून बसले होते. नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हा म्हातारा प्रधान बिगिर्वा याने एक तोड काढली. तो हुशार होता, त्याबद्दल वाद नाही.

“साहेबाला कागद हवा आहे. देऊ,” तो म्हणाला. “सगळे अंगठे उठवू. पण आपल्यातलं एक माणूस त्याआधी टेकडीवर जाऊन बसू दे. ते वर आहे तोवर आपल्या लेखी कायदा झालेलाच नाही. साहेब काय, आज आहे, उद्या नाही. त्याला इथले डास मानवत नाहीत. तो गेला की आपण टेकडी चढू, विचारू, वरचं माणूस नाही म्हणेल. संपलं.”

सभेला ही युक्ती इतकी आवडली की काहींनी मांड्यांवर थापा मारल्या. न्यारुंगाची माणसेच अशी चूक करू शकतात. जो कायदा आपल्याला बांधतो तोच साहेबालाही बांधत असणार, असे त्यांना मनापासून वाटले.

“वर कोण जाणार?” कुणीतरी विचारले.

केबिरुंगी उठली. तिला सोंग करायचे नव्हते. तिला खरोखरच नाही म्हणायचे होते.

कटुरामू तिला सोडायला पायथ्यापर्यंत आला. “ताई, दोन पावसाळे,” तो म्हणाला. “फार तर दोन. मी स्वतः येईन तुला विचारायला.”

“ये,” ती म्हणाली. “आणि जेवणात मीठ घालायला सांग. त्या लोकांना आठवण राहत नाही.”

ती चढून गेली. खाली अंगठे उठले, साहेबाने टोपी काढून सगळ्यांचे आभार मानले.

पहिला पावसाळा बरा गेला. तिने गवताची झोपडी बांधली. अर्ध्या वाटेवरच्या धोंड्यावर रोज कुणी बाई टोपली ठेवी, वर न बघता परत फिरे. केबिरुंगी वरून तिची चाल बघून ती कोणाची कोण ते ओळखी. दुसराही पावसाळा गेला. साहेब गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला आणि त्याला डास मानवले. नदीपलीकडे कुंपण पडले. खालच्या सभेत आता हात वर करून मोजत, तेही तिने वरूनच पाहिले.

आपला आवाज जाईल अशी तिला भीती वाटू लागली. म्हणून ती तुरेवाल्या क्रौंचांशी बोले. त्यांना सभेतले सगळे वाद ऐकवी, दोन्ही बाजूंनी. खाली लग्न असले की ढोल ऐकू येई, आणि नवरी कोणाची हे कळत नसे. रडण्याचा आवाज आला की तो कुठल्या घराकडून येतो याचा ती अंदाज घेई. बिगिर्वाचे घर तिला ठाऊक होते. त्या दिशेने आक्रोश आला त्या दिवशी ती जेवली नाही. तो तिचा आवडता माणूस होता असे नव्हे, पण युक्ती त्याची होती आणि तो आता ती सोबत घेऊन गेला होता.

असे करता करता ज्यांना खरी गोष्ट माहीत होती ती माणसे विरळ झाली. नव्या सरदारांना साहेबाने कोट आणि सायकली दिल्या. टेकडीवर कोण, असे साहेबाने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की कुणी जोगीण आहे. बायका टोपलीत जेवणाबरोबर फुले ठेवू लागल्या. एक जण तर धोंड्याशी उभी राहून मूल दे म्हणून हात जोडत होती. केबिरुंगीला ते फार लागले. तिला देवी व्हायचे नव्हते. तिला एवढेच हवे होते की कुणीतरी वर यावे आणि विचारावे. उत्तर तिच्याकडे कधीचे तयार होते. रोज सकाळी ती ते मोठ्याने म्हणून बघे.

मग एका दुपारी राजवाड्याचा मोठा नगारा वाजला, थांबून थांबून. राजा अंथरुणाला खिळला की तो असा वाजतो.

केबिरुंगी उभी राहिली. तिच्या पायांनी आधी ठरवले, डोक्याने मागाहून, असे सांगतात. ती अर्ध्या वाटेवरच्या धोंड्यापर्यंत उतरली आणि तिथे थांबली. आणखी एक पाऊल टाकले की तो होकार. कुंपण, सायकली, साहेबाची मर्जी, सगळ्याला तिचा होकार. आणि नाही उतरली तर ज्याला पाठीला बांधून वाढवला तो तिच्यावाचून मरणार. ती धोंड्याला धरून उभी राहिली आणि पोटातून रडली. इतक्या वर्षांत ती रडलेली कुणी ऐकली नव्हती. त्या दिवशी खाली शेतात काम थांबले.

धावत बातमी वाड्यात गेली, ती उतरते आहे. कोटवाले सरदार खूश झाले. राजा मात्र अंथरुणात उठून बसला. मला उचला, म्हणाला. सरदारांनी नाक मुरडले, साहेबाला विचारावे लागेल म्हणाले. त्याने वाट बघितली नाही. त्याच्या गुराख्यांनी त्याला डोलीत घालून धोंड्याशी आणले, आणि तिथून त्यांना त्याने परत पाठवले.

त्याचे केस पांढरे झालेले तिने प्रथमच जवळून पाहिले.

“दोन पावसाळे म्हणाला होतास,” ती म्हणाली.

“मोजायला चुकलो, ताई.”

“बोलायचं नसतं माझ्याशी. दंडक आहे.”

“राजा कोण आहे इथे?” तो म्हणाला, आणि खोकला आला म्हणून थांबला. “मी भ्यालो गं. दरवर्षी येईन म्हणायचो आणि भ्यायचो. सभा बरोबर यायची नाही, एकटा आलो तर विचारता येत नाही. मग यायचं कशाला, असं म्हणत राहिलो.”

“नुसता आला असतास तरी चाललं असतं,” केबिरुंगी म्हणाली.

त्याने धोंड्याला पाठ टेकली. मग म्हणाला, “खाली उतरू नकोस. मला वर ने.”

ती आता म्हातारी होती आणि तो मरणाला टेकलेला. तरी तिने त्याला लहानपणी घेत असे तसा पाठीवर घेतला आणि माथ्यावर नेला. कातळावर तिच्या बैठकीशेजारी तो बसला. ज्याने अंगठा उठवला होता तो, नाही म्हणणारीच्या शेजारी. तिने त्याला क्रौंच दाखवले. त्याने खाली कुणाचे लग्न झाले, कोण गेले ते सांगितले, तशी इतकी वर्षे तिला पडलेली कोडी एकेक सुटली. दुसऱ्या दिवशी उन्हे तापायच्या आत तिच्या मांडीवर त्याने प्राण सोडला.

आता राजाचे कलेवर आणायला सभेला यावे लागले. राजाला सभेनेच खांदा द्यायचा असतो, त्यातून कोटवाल्यांचीही सुटका नव्हती. सगळे वर आले, धापा टाकत, आणि कातळासमोर उभे राहिले. तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क सरदाराच्या, रवाकाबोच्या, ध्यानात आले की राजा इथे आहे, अख्खी सभा इथे आहे, आणि असे सगळे मिळून वर आल्यावर न विचारता परत जाता येत नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“थोरल्या बाई,” तो म्हणाला, “तुमचं काय म्हणणं आहे?”

केबिरुंगीने इतक्या वर्षांचे तयार उत्तर दिले. “नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज गेलेला नव्हता, खणखणीत होता. मग तिने भावाच्या तोंडावरची माशी उडवली, आणि कुणी खांदा द्यायला पुढे होणार तोच पुन्हा बोलली. कुणाला वाटले ती कुरणे मागेल, कुणाला वाटले आपली सभेतली जागा.

“यापुढे,” ती म्हणाली, “कुणाला एकटं बसवू नका.”

साहेबाच्या कपाटातल्या कागदावर याचा काही परिणाम झाला नाही, हे एझिरा लपवत नाहीत. कागद राहिला, कुंपणही राहिले. पण न्यारुंगाच्या लेखी तो कायदा त्या सकाळी संपला. लोक कुंपण ओलांडून गुरे नेत, पकडले की कोठडीत जात; पण नदीपलीकडच्या कुरणांसाठी परवानगी मात्र कुणी मागितली नाही. पुढे साहेबही गेले, निशाण बदलले, राजधानीत नव्या घटना लिहिल्या गेल्या. केबिरुंगी भावाच्या तिरडीमागून खाली आली आणि मरेपर्यंत माणसांत राहिली. तिच्या घरात झोपायला रोज कुणी ना कुणी येत असे, तिने बोलावलेले नसताना.

आजही न्यारुंगाच्या गावसभेत कुणाला एखादी गोष्ट पटली नाही, तर तो उठतो आणि टेकडीकडे चालू लागतो. मग हो म्हणणाऱ्यांतला एक जण उठतो आणि त्याच्या मागोमाग जातो. वर जाऊन तो समजूत घालत नाही, वाद घालत नाही. शेजारी बसतो. ऊन असो, वारा असो, नाही म्हणणारा उठेपर्यंत त्याने उठायचे नसते.