सालोमी कारभारणीची कहाणी

ऐका बायांनो, प्रभूच्या कारभारणीची कहाणी. माळावर एक आटपाट गाव होतं, गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती होती. तिथं सालोमी राहत होती. नवरा याकोब दम्यानं खाटेला खिळलेला. धाकटा दीर रत्नाकर जहाजावर नोकरीला निघाला. म्हणाला, "वहिनी, माझी विहीर नि मोसंबीची बाग तुमच्या हाती. मी येईस्तोवर राखा."

मग सालोमी चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या दीनाबाईकडे गेली. "आत्याबाई, दुसऱ्याचं राखायचं कसं? मला वसा सांगा."

दीनाबाई म्हणाली, "सकाळी पहिला पोहरा ओढावा. म्हणावं, 'देवबापा, पाणी तुझं, मी कारभारीण.' आल्याला रित्या घागरीनं परतवू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

"उतणार नाही, मातणार नाही. पण थकेन हो."

"थक बाई. टाकू नकोस."

मग पावसानं पाठ फिरवली. वस्तीचं पाणी आटलं. दिराच्या विहिरीत थोडं उरलं. बागेला पुरलं असतं, माणसांना पुरलं असतं, दोन्हींना पुरेना. दीर तर 'राखा' म्हणून गेलेला. सालोमीनं विहिरीला काटे लावले. वसा बाजूला राहिला. मग एक बाळंतीण आली. "पाणी नाही." मग एक आंधळा म्हातारा आला. "पाणी नाही." मग दीनाबाई आली. तिला नाही म्हणायला सालोमीची जीभ रेटेना. ती दाराआड बसून राहिली. दीनाबाईनं वाट पाहिली, घागर कमरेला लावली, आली तशी गेली.

त्या दिवशी सालोमीला घास उतरेना. याकोब धापा टाकत म्हणाला, "विहीर कुणाची गं?"

"भाऊजींची."

"आणि पाणी?"

सालोमी उठली, काटे ओढून काढले, हात रक्ताळले.

मग काय झालं? पाणी ओढलं सकाळी, ओढलं दुपारी, ओढलं दिवस कलताना. मधेच याकोबाला भरवावं, त्याचं अंग पुसावं, पुन्हा विहिरीवर यावं. वस्ती जगली. बाग पिवळी पडली, मग वाळली. कुणी देवदूत आला नाही, विहिरीला नवा झरा फुटला नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की सालोमीचा डोळा लागे. 'पाणी तुझं' एवढं म्हणे, पुढचं ओठांतच राही.

मग दीर परतला. वाळकी झाडं पाहून ताडताड विहिरीवर आला. "वहिनी, माझी बाग?"

"राखता आली नाही, भाऊजी. पाणी माणसांना दिलं. विचारायला तुम्ही नव्हता. काय बोलायचं ते बोला, पण एवढी घागर भरू द्या."

दिरानं घागरींची रांग पाहिली. वहिनीचे तळवे पाहिले.  मग म्हणाला, "झाडं मी पोरांसारखी वाढवली होती. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मी इथं असतो तर मलाही हेच करावं लागलं असतं." त्यानं तिच्या हातातून दोर घेतला. "व्हा बाजूला. घरी जाऊन निजा. दादाकडे मी बघतो."

सालोमी भरदुपारी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, तरी तिला कुणी उठवलं नाही.

जसा प्रभूनं सालोमीचा भार वाटून दिला, तसा तुमचा आमचा वाटून देवो, दमल्या हातांना जोडीदार देवो. ही थकल्या कारभारणीची कहाणी, थोडक्या बोलांत सुफळ संपूर्ण. आमेन.