पायाचं माप

आमच्या दुकानाच्या त्या भिंतीकडे मला अजून बघवत नाही.

चपलांसाठी गिऱ्हाईक आलं की आमचे कारागीर यल्लाप्पाकाका त्याची पावलं कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्यायचे आणि नाव लिहून कागद त्या भिंतीवर टांगायचे. वेबसाइट करून देणाऱ्या सुयोग सरांना फोटोसाठी भिंत मोकळी हवी होती. काका गावी गेले होते, तेव्हा मी सगळे कागद रद्दीत घातले. परत आल्यावर काका रिकाम्या भिंतीकडे बघून कामाला बसले.

महिन्याभराने सर लॅपटॉप उघडून ऐटीत म्हणाले, "चाळीस हजार लोक वेबसाइट बघून गेले! कुठल्या गावचे, किती मिनिटं थांबले, प्रत्येकाचं सगळं माहीत आहे आपल्याला."

काकांनी आरी खाली ठेवली. "मग एकाचं तरी सांगा सर. डावा पाय मोठा हाय का उजवा?"

सरांनी लॅपटॉप मिटला. मला हसू फुटलं.

तेवढ्यात साताऱ्याच्या निकम मास्तरांचा फोन आला. "एसटीचा प्रवास झेपत नाही आता. माप आहेच तुमच्याकडे, नेहमीसारखा जोड पाठवून द्या."

काका माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून विचारलं, "मास्तर, तुमचा डावा पाय मोठा की उजवा?"